सव्वातीन मिलिमीटर

६ जानेवारी

सुतळे,

तुझं पत्र काल आलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझी मामी 'मोठ्याने वाचा' म्हणून डोक्यावर उभी होती म्हणून, आणि दुसऱ्यांदा नीट.

मशीनबद्दल लिहिलंस त्यात तीन गोष्टी अपुऱ्या आहेत. एक, तुझ्या पायांना जे लोखंडी पाय बांधतात त्यांना सांधे किती आणि कुठे? दोन, मोटारी किती? तीन, वरून वजन उचलून धरतात म्हणतेस, ते किती आणि ते मोजतं कोण? 'भारी मशीन आहे मामा' हे काही वर्णन झालं नाही. नोकरीत लोकांच्या छपरांची मापं घेत हिंडायचीस ना? मग मापाने लिही.

गोदामाच्या छपरावर तो जुना पत्रा तुझ्या पायाखाली फुटला त्याला आज पाच महिने अकरा दिवस झाले. डॉक्टर म्हणाले होते, मज्जारज्जू तुटलेला नाही, चेपलेला आहे. बाकीचे रडत होते. मी तेवढा एक शब्द धरून ठेवला. बावीस वर्षं मी कापडगिरणीत मागांची दुरुस्ती केली. कॉलेज बाहेरूनसुद्धा पाहिलं नाही, पण चेपलेलं आणि तुटलेलं यांतला फरक मला कोणी शिकवायला नको.

चाळीस वेळा मशीनवर चालवणार म्हणतेस. मी भिंतीवर आलेखाचा कागद लावला आहे, चाळीस रकान्यांचा. तिथे दर वेळी छापील कागद मिळतो त्याची नक्कल पाठवत जा.

फोनचं म्हणू नकोस. मागांच्या खडखडाटाने माझे कान नेले. फोनवर तुझा आवाज येतो, शब्द येत नाहीत. आणि मामी मधे पडून सांगते ते निम्मं तिच्या मनचं असतं.

ती गवंड्याला बोलवू म्हणते, दाराच्या तीन पायऱ्यांवर खुर्चीसाठी उतार करायला. मी नको म्हटलं. तू पायऱ्या चढून येशील.

तुझा मामा


१४ जानेवारी

मामा,

आधी तुझी तीन उत्तरं देते, नाहीतर पुढचं तू वाचणारच नाहीस.

सांधे दर पायाला दोन, कमरेपाशी आणि गुडघ्यापाशी. मोटारी चार. घोट्याला मोटार नाही, पाऊल लोंबू नये म्हणून नुसता पट्टा. वजन वरच्या कप्पीने उचलतात. मी बावन्न किलो, त्यातले एकतीस मशीन उचलतं, एकवीस माझ्या पायांवर येतात. आकडा पडद्यावर दिसतो. झालं समाधान?

खाली रबरी पट्टा मागे सरकत राहतो आणि लोखंडी पाय माझे पाय उचलून पुढे ठेवतात. काल एक हजार एकशे चोवीस पावलं झाली. समोर मोठा आरसा आहे. त्यात एक मुलगी चालताना दिसते आणि तिच्या पायांत माझे बूट असतात. डोळे मिटले की चालणं संपतं, मी नुसती टांगलेली असते. म्हणून मी पापणीही हलवत नाही. फिजिओबाई म्हणतात, 'अगं, श्वास तरी घे.'

शेजारच्या पलंगावरच्या बाई तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होत्या. मला हॉलकडे न्यायला लागले की त्या पडल्यापडल्या ओरडतात, 'चला, पुढे चला, दारात थांबू नका!' त्यांना स्वतःला मशीन मिळणार नाही, त्यांची हाडं ठिसूळ आहेत. तरी रोज ओरडतात.

सकाळ-संध्याकाळ लांब दांड्याचा आरसा घेऊन पायांची मागची बाजू तपासायची असते. कुठे लाल दिसलं तर बोटाने दाबायचं. पांढरं पडून पुन्हा लाल झालं तर ठीक. लालच राहिलं तर ताबडतोब सांगायचं. आपल्या कातडीला दुखलेलं कळत नाही, तेव्हा ते डोळ्यांनी कळून घ्यायचं, असं बाई म्हणतात.

नक्कल सोबत आहे. सगळ्यात खालची ओळ बघ. चालण्यात मशीनचा वाटा किती आणि माझा किती ते तिथे येतं. उजवा पाय शून्य. डावा दोन टक्के.

तुझी सुतळी


२१ जानेवारी

सुतळे,

दोन टक्के म्हणजे शून्य नव्हे. ठिपका लावला, लाल शाईने.

वर्णन या वेळी बरं होतं. आता मला मांडीच्या पट्ट्याचं चित्र हवं आहे. लोखंडी पाय तुझ्या पायाला नेमका कुठे धरतो? पट्टा किती रुंद, कशाचा, आत अस्तर काय? पाय वळताना पट्टा आधी हलतो की पाय? हे नीट बघ. मोटार कितीही चांगली असली तरी जोर पोचतो तो सांध्याने आणि पकडीने. पकड ढिली असेल तर अर्धा जोर वाटेतच मरतो.

मामी विचारते आहे, जेवतेस का. मी म्हटलं बावन्न किलो लिहिलं आहे, अजून काय हवं.

तुझा मामा


२ फेब्रुवारी

मामा,

चित्र सोबत आहे. फूटपट्टीने काढलंय, उगाच नावं ठेवू नकोस. पट्टा साडेसात सेंटिमीटर रुंद, आत मऊ अस्तर. तुझं खरं निघालं. लोखंडी पाय आधी हलतो, मग माझी मांडी. मधे निमिषभर अंतर पडतं. मी बाईंना म्हटलं, 'पट्टा ढिला आहे.' त्या म्हणाल्या, 'मुद्दाम ठेवलाय. मागच्या बाजूला दोन बोटं जातील इतकी जागा हवीच.' मग त्या दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. त्यांच्यामागे पाच जण असतात, विचारत बसायला जीव होत नाही.

आणि ऐक! डावा पाय सहा टक्के! तीन दिवस सलग सहा. बाईंनी मला मिठीच मारली. कंडक्टरबाईंनी अर्ध्या तिकिटाचं पूर्ण तिकीट झालं म्हणून जाहीर केलं. मला पायात काहीच जाणवत नाही, पण तो आकडा दिसला की मांडीच्या आत कुणीतरी कूस बदलल्यासारखं वाटतं. खरं असेल का ते? की मी बनवते आहे?

अठरा झाले, बावीस राहिले. बाईंनी सांगितलंय, चाळिसाव्याला दहाच्या वर गेले तर मशीनचे आणखी चाळीस दिवस मिळतील. नाही गेले तर खुर्चीचं शिक्षण देऊन घरी.

तुझी सुतळी


८ फेब्रुवारी

सुतळे,

सोबतच्या पाकिटात जो तुकडा आहे तो नीट बघ. आत फेल्ट, म्हणजे दाबून केलेली लोकर, वर चामडं, काठ कानशीने घासून मग पॉलिश पेपर मारला आहे. मागाच्या दांड्याला आम्ही हीच पॅकिंग घालायचो. तुझ्या चित्रावरून माप काढलं. जाडी सव्वातीन मिलिमीटर, चारही कोपऱ्यांत आणि मधे सारखी. व्हर्निअरने पाच ठिकाणी तपासली. तीन केली असती तर खेळ उरला असता, साडेतीनने पट्टा बसला नसता.

मांडीच्या मागे, पट्टा आणि पाय यांच्या मधे सरकवायची. चामडं पट्ट्याकडे, फेल्ट तुझ्याकडे. मग लोखंडी पाय हलला की तुझा पाय त्याच क्षणी हलेल.

बाईंना विचारत बसू नकोस. त्या शिकलेल्या आहेत, मान्य. पण शिकलेल्या माणसाला बाहेरच्याने दाखवलेली चूक लगेच पटत नाही, हे मी गिरणीतल्या इंजिनिअरांकडून शिकलो. आकडा वाढला की त्यांना आपोआप पटेल. तेव्हा सांग, माझ्या मामाने केली.

तुझा मामा


१९ फेब्रुवारी

मामा,

अकरा! अकरा टक्के! कागद बघ, शाईसुद्धा वाळलेली नाही.

तुझी पॅकिंग मी बांधायच्या आधी पायजम्यातून सरकवते, कुणाला कळत नाही. पहिल्या दिवशी आठ, मग नऊ, आज अकरा. पाय एकदम कडक उभा राहिला, हिसका देऊन. बाई म्हणाल्या, 'हा कुठून आला जोर?' मी म्हटलं, 'आमच्या घराण्यातच आहे.'

इथे सगळे बोलताहेत. एक पोरगेला डॉक्टर येऊन कागद बघून गेला. आता चाळिसाव्यापर्यंत टिकवायचं, बस्स. आरसा, औषधं, व्यायाम, सगळं ठीक चाललंय.

तुझी सुतळी


२५ फेब्रुवारी

सुतळे,

अकराचा ठिपका लावला. तो ठिपका बाकीच्यांपेक्षा मोठा झाला आहे, पण असू दे.

काल दुकानात पंपवाला पंप दुरुस्तीला घेऊन आला होता, त्याला आलेख दाखवला. त्याला काही कळलं नाही, पण रेघ वर जाते आहे एवढं आंधळ्यालाही दिसेल. तुझ्या मामीने माझ्यामागे गवंड्याला बोलावलंच होतं. तो टेप घेऊन पायऱ्या मोजत होता. मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. मामी दोन दिवस बोलली नाही. ऐकू कमी येत असल्याने मला ते दुसऱ्या दिवशी कळलं.

एक सूचना. चामड्याला घामाने ओल येते. रोज पुसून, सावलीत वाळव.

तुझा मामा


२१ मार्च

मामा,

पत्राला उशीर झाला. मशीन तीन आठवडे बंद पडलंय. मोटार जळली असं म्हणतात. कधी सुरू होईल ते नक्की नाही, म्हणून नकला पाठवल्या नाहीत. मी ठीक आहे. काळजी करू नकोस, आणि मामीला फोन करायला लावू नकोस. इथे फोनची फार गर्दी असते.

सुतळी


२६ मार्च

सुतळे,

चारपैकी कोणती मोटार? जळली म्हणजे वास आला, की धूर, की नुसतीच थांबली? तीन आठवडे एका मोटारीसाठी पेशंट ताटकळत ठेवतात म्हणजे कमाल झाली. मागखात्यात असं झालं असतं तर मुकादमाने आमची सालटी काढली असती.

अक्षर तिरकं आलंय तुझं. टेबल बदललं का?

तू लाजशील म्हणून मीच तुमच्या उपचार केंद्राला पत्र टाकलं आहे. सात मुद्दे लिहिले. मोटारीचं वाइंडिंग, बेअरिंग, कप्पीची दोरी वगैरे. गरज असेल तर मी स्वतः येऊन मोटार उघडतो असंही कळवलं. तुझे चाळीस दिवस कुणी खाऊ नयेत.

तुझा मामा


४ एप्रिल

महोदय,

आपलं पत्र मिळालं. आपली भाची आमच्याकडे आल्यापासून मीच तिची फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून उत्तर मी लिहिते आहे.

आमचं मशीन एक दिवसही बंद पडलेलं नाही. आपल्याला तसं का कळवलं गेलं याचा मी अंदाज करू शकते. तिला न विचारता हे लिहिते, त्याबद्दल तिची क्षमा मी नंतर मागेन.

एक मार्चला तिला ताप भरला. तपासताना डाव्या मांडीच्या मागे दाबाने झालेली जखम आढळली. वरून रुपयाएवढी, आत बरीच खोल. शस्त्रक्रिया करून साफ करावी लागली. तेव्हापासून ती पालथी झोपून आहे. बसायचं नाही, खुर्ची नाही, मशीन नाही. जखम आता भरत आहे.

तिच्या पायजम्यात फेल्ट आणि चामड्याचा एक तुकडा सापडला. 'तो मीच बनवला आणि मीच पट्ट्याखाली घातला,' असं ती सांगते. मशीनशी परस्पर छेडछाड करणाऱ्या पेशंटला पुन्हा मशीनवर घ्यायचं नाही असा आमच्या समितीचा नियम आहे. त्यानुसार तिचं नाव यादीतून कमी झालं.

मी तो तुकडा हातात घेऊन पुष्कळ वेळ पाहिला. इतके सफाईदार काठ मी कधी पाहिले नाहीत. तिला हे कुणी शिकवलं हे आपल्याला माहीत असेल तर कळवावं. कुणाला दोष देण्यासाठी नव्हे. दुसऱ्या कुणा पेशंटच्या बाबतीत हे होऊ नये, एवढ्यासाठी.

आपली,
फिजिओथेरपिस्ट


७ एप्रिल

फिजिओबाईंस,

तो तुकडा मी केला.

तिला चामडं कापता येत नाही, तिचे काठ नेहमी फाटतात. तुकड्याची जाडी सव्वातीन मिलिमीटर भरेल. तो कुठे घालायचा, कोणती बाजू कुठे ठेवायची, हे मी लिहून कळवलं. आपल्याला विचारू नकोस, हेही मीच लिहिलं. ते माझं आठ फेब्रुवारीचं पत्र तिच्या उशाशी असेल. ते समितीला दाखवावं.

ती माझ्या बहिणीची मुलगी. नऊ वर्षांची असल्यापासून माझ्या घरात आहे. मी सांगितलेलं तिने आजवर कधी तपासून पाहिलं नाही, कारण माझं चुकत नाही असं मीच तिला सांगत आलो.

मागाच्या दांड्याला पॅकिंग घातली की तो नीट चालतो. दांडा लाकडाचा असतो. आपण दोन बोटांची जागा कशासाठी ठेवत होता हे मी विचारलं नाही. मला वाटलं, ढिलाई आहे. तिने चौदा जानेवारीच्या पत्रातच लिहिलं होतं की तिच्या कातडीला दुखलेलं कळत नाही. ते मी दोनदा वाचलं होतं.

आणखी एक गोष्ट लिहिणं जरूर आहे. आपण काठ सफाईदार आहेत असं लिहिलंत, ते वाचून क्षणभर मला बरं वाटलं. असा माणूस तो तुकडा करतो, हे समितीला कळावं.

जी शिक्षा असेल ती मला द्यावी. मला दारात उभं करू नये. तिचं नाव मात्र यादीत परत घ्यावं. छत्तीसच्या आसपास दिवस झाले असतील, तिचे चार बाकी आहेत.

तिचा मामा


५ मे

मामा,

तू ते पत्र का लिहिलंस? आणि एवढं लिहून मला एक ओळ नाही. महिना होत आला.

तुझं पत्र फिजिओबाईंनी मला वाचायला दिलं. वाटणी चुकली आहे त्यात, मी नीट करून देते. एकवीस फेब्रुवारीला आरशात मला लाल दिसलं. मी बोटाने दाबलं. पांढरं पडलं नाही. लालच राहिलं. कुणाला सांगायचं हे मला पाठ होतं. मी आरसा कपाटात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तुझी पॅकिंग घालून उभी राहिले, कारण तुझ्या कागदावर अकराचा ठिपका लागणार होता आणि मला बाराचा हवा होता. पॅकिंग तू केलीस. आरसा मी ठेवला. माझ्या वाटणीचं तू उचलू नकोस, मला ते चालणार नाही.

आणि 'मोटार जळली' हे तुला वाचवायला लिहिलं नव्हतं. तू ते वाचून कसा दिसशील हे मला बघायचं नव्हतं. बघावं लागणार नव्हतं, तरीसुद्धा.

समितीने नाव परत घेतलं. जखम भरली. मागच्या सोमवारी मला दहा मिनिटांपुरतं पुन्हा बांधलं. आरशातली मुलगी चालली. कागद आला. डावा शून्य. बाईंना वाटलं काहीतरी चुकलं, त्यांनी पुन्हा मोजलं. दोन महिने पालथं झोपण्यात होतं नव्हतं ते गेलं. तीन दिवस पाहिलं, मग त्यांनी खुर्ची जवळ आणली आणि माझे केस मागे बांधून दिले.

मी त्यांना विचारलं, 'पॅकिंग नसती तर मी चालले असते का?'

त्या म्हणाल्या, 'सांगता येणार नाही.'

'अकरा तरी खरे होते?'

'बहुतेक नाही. पट्टा घट्ट झाला, पाय आखडला. मशीनने तो आखडणंच मोजलं असेल.'

'आणि सहा?'

त्यांनी जुना कागद काढून पाहिला. मग म्हणाल्या, 'सहा खरे होते.'

मामा, ते सहा माझे होते रे.

मी आता खुर्चीचं शिकते आहे. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर, दिवसाला वीस वेळा. तीस जूनला घरी सोडतील. तू एकदा येऊन जा. रागावलेय म्हणून नव्हे. रागावलेय, तरी ये.

सुतळी


४ जून

मामा,

तू येऊन गेलास त्याला आज आठ दिवस झाले. मी तुझ्याकडेच बघत होते, म्हणून सगळं लक्षात आहे. तू पलंगाच्या कडेला बसलास, टोपी हातात धरून. मी खुर्चीत उतरून दाखवलं तेव्हा तुझे दोन्ही हात पुढे आले आणि मधेच थांबले. मग तू ते मांडीखाली दाबून बसलास.

मशीनच्या हॉलमध्ये तू वीस मिनिटं उभा होतास. एका उंच माणसाला चालवत होते. मी वाट पाहत होते की आता म्हणशील, कप्पी तिरकी आहे, दोरीला ग्रीस हवं, फरशीला ढाळ आहे. शेवटी फिजिओबाईंनी स्वतःहून विचारलं, 'कसं वाटलं मशीन?' तर तू म्हणालास, 'मला त्यातलं कळत नाही.'

मामा, त्या वाक्याने मला जेवढं रडवलं तेवढं शून्यानेही रडवलं नाही. तू गेल्यावर कंडक्टरबाई म्हणाल्या, 'हेच का तुझे बोलके मामा? मला वाटलं, कुणी चुकून या गाडीत बसलंय.'

मामीचं पत्र आलं. पंपवाल्याला तू दोनदा परत पाठवलंस म्हणे. दुकान अकराला उघडतोस, खुर्चीवर बसून राहतोस. आलेखाचा कागद काढलास, तिथे भिंतीवर पांढरा चौकोन राहिलाय. उतार मात्र करून घेतलास, उन्हात उभं राहून, आणि गवंड्याने ढाळ चुकवला तेव्हाही ओरडला नाहीस. मामीनेच ओरडून पुन्हा करून घेतला. ती लिहिते, 'घरात दोन माणसं गेल्यासारखं वाटतं.'

माझ्याने चालणं झालं नाही. त्यात तुझं हे नको रे घालूस. मला घरी यायचंय ते चुका काढणाऱ्या माणसाकडे.

म्हणून काम सांगते. माझ्या खुर्चीचा डावा ब्रेक आखूड आहे. पलंगावरून येताना हात पोचायला पाच सेंटिमीटर कमी पडतात आणि खुर्ची सरकते. दोनदा पडता पडता वाचले. इथे मिळतो तो जोड डुगडुगतो. तू करून दे. चित्र काढलंय, फूटपट्टीने. दांड्याचा बाहेरचा व्यास बारा मिलिमीटर आहे.

नको म्हणू नकोस.

तुझी सुतळी


१७ जून

फिजिओबाईंस,

सोबत एक दांडा पाठवत आहे. भाचीच्या खुर्चीच्या डाव्या ब्रेकवर तो टोपणासारखा बसेल. तिने मागितला म्हणून केला. तिच्याकडे परस्पर पाठवला नाही. आधी आपण पाहावा.

लांबी पाच सेंटिमीटर जास्त. भोक बारा मिलिमीटरच्या दांड्याला हाताने दाबून बसेल असं ठेवलं आहे, स्क्रू नाही. स्क्रूचं डोकं बाहेर राहिलं असतं. टोक गोल केलं आहे. कुठेही धार नाही. बोटांवर माझा भरवसा नाही, चाळीस वर्षांच्या कामाने ती जाड झाली आहेत, म्हणून गालावर फिरवून पाहिलं. मग तिच्या मामीच्या गालावर फिरवून पाहिलं.

तिने ब्रेक ओढला की टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूजवळ येतं, हे मी तिच्या चित्रावरून काढलं. टेकलं तर तिला कळणार नाही. त्यासाठी मी स्वतःच्या डाव्या मांडीला तो फडक्याने बांधला आणि तीन दिवस बसून कामं केली. पंपवाल्याचा पंप होता, तो त्यातच झाला. सकाळ-संध्याकाळ मामीच्या हातातल्या आरशात बघत होतो. पहिल्या दिवशी संध्याकाळी लाल दिसलं. दाबलं, पांढरं पडलं, पुन्हा लाल झालं. हे ठीक असतं असं तिने लिहिलं होतं, पण मला ठीक वाटलं नाही. टोक आणखी दोन मिलिमीटर वळवून बाहेर घेतलं. पुढचे दोन दिवस काही दिसलं नाही.

पण माझ्या मांडीवर मांस जास्त आहे आणि मला दुखलेलं कळतं. तेव्हा माझी तपासणी पुरेशी नाही. आपण खुर्चीवर बसवून पाहावा, तिला बसवून पाहावा, आणि काय चुकलं ते मला लिहून कळवावं. मी दुसरा करीन. दुसराही नापसंत झाला तर तिसरा करीन. तीस तारखेला अजून तेरा दिवस आहेत.

आपल्याला पटलं तरच तिच्या हातात द्यावा.

तिचा मामा